गोष्ट चेतनची, नियम शर्मिलाचे

शर्मिला ओव्हाळ खेळ तयार करते असं मी कुणाला सांगितलं की समोरच्याला वाटतं, मोबाइलवरचे. मग मला पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं. एका टेबलाभोवती चार-पाच मोठी माणसं बसतात. एकजण गोष्ट सुरू करतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करतो ते सांगत जातात. मी दार उघडते, मी पहारेकऱ्याला थाप मारतो, वगैरे. जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. गोष्ट कुठे जाईल ते कुणालाच आधी माहीत नसतं. पुण्यात रविवारी दुपारी असे खेळ खेळणारे बरेच लोक आहेत. मी त्यातलीच एक.

असा खेळ रचायला दोन गोष्टी लागतात. एक, ते जग आणि त्यातली माणसं. दुसरी, नियम. फासा कधी टाकायचा, हरलं तर काय गमवायचं, कुणी कुणाला मदत करायची आणि तिची किंमत काय. पहिलं काम करणाऱ्याचं नाव व्हायचं. दुसरं शर्मिला करायची.

ती बोपोडीला आई-वडिलांबरोबर राहते. वडील दशरथ ओव्हाळ खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झाले. शर्मिलाचं बालपण फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये गेलं, नंतर त्यांनी बोपोडीत फ्लॅट घेतला. सदतिसाव्या वर्षी मुलगी दर रविवारी स्कूटर काढून खेळायला जाते, याचं वडिलांना काय करावं ते कळत नसे. ते फक्त विचारायचे, "आज पण मॅच आहे का?" ती हो म्हणायची.

एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात ती नर्सेसच्या ड्यूट्या लावते. कुणाला कधी नाइट, कुणाची सुट्टी, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाचं कुणाशी पटत नाही. हे सगळं सांभाळून महिन्याचा चार्ट लावायचा. चार्ट बरोबर बसला की त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. चुकला की फोन सुरू. ती एकदा मला म्हणाली होती की माझ्या कामाचं कौतुक म्हणजे शांतता. तेव्हा ते मला विनोदी वाटलं.

सदाशिव पेठेत पेरूगेटजवळ, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर चेतन रिसबूडच्या मावशीचे इंग्रजीचे क्लास चालतात. रविवारी ती खोली रिकामी असते. तिथे चेतन खेळ घ्यायचा. चेतन जाहिरातींना आणि ऑडिओबुकना आवाज देतो. तो नुसता "पाऊस थांबला होता" म्हणाला तरी आपण खिडकीकडे बघतो. शर्मिलाला तिथे पहिल्यांदा मीच नेलं. ती पहिला पूर्ण खेळ अगदी मोजकं बोलून खेळली. संपल्यावर सगळे चेतनभोवती जमले होते, तेव्हा तिनं त्याला विचारलं की तुम्ही फासे समोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या मागे टाकता, आकडा आम्हाला दाखवत नाही, तर काय पडतं त्यानं खरंच काही बदलतं का?

चेतन हसला. म्हणाला, कधी कधी. गोष्ट चांगली व्हायची असेल तर थोडं इकडेतिकडे करावं लागतं.

"मग आम्ही कशाला आलो?" ती म्हणाली. "तुम्ही सांगा, आम्ही ऐकतो."

दुसऱ्या कुणाला राग आला असता. चेतनला ते झोंबलं आणि आवडलंही. पुढच्याच आठवड्यात त्यानं तिला फोन करून सांगितलं की माझ्या डोक्यात एक जग आहे, त्याला तू नियम कर. अशी ती दोघं एकत्र काम करायला लागली.

त्या खेळाचं नाव 'कोरडवाट'. एक नदी अचानक आटते. तिच्या काठच्या वस्त्यांमधून काही माणसं कोरड्या पात्रातून वरच्या दिशेनं चालत निघतात, नदी कुठे थांबली ते बघायला. वाटेत उघडे पडलेले घाट, चिखलात रुतलेल्या नावा, पाण्याखाली गेलेलं आणि आता वर आलेलं एक गाव. हे सगळं चेतनचं. ते वर आलेलं गाव त्यानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, हे मी शर्मिलासमोरही कबूल करते.

शर्मिलानं फासे काढून टाकले आणि कवड्या आणल्या. पाच कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकं यश. मग तिनं टेबलाच्या मधोमध एक पितळी वाटी ठेवली आणि तिच्यात काचेचे मणी टाकले. ते सगळ्यांचं मिळून पाणी. कवड्या मनासारख्या पडल्या नाहीत तर एक मणी उचलून पुन्हा टाकता येतात. मात्र मणी उचलताना टेबलावरच्या कुणा एकाकडे बघून म्हणायचं, "तुझ्या वाट्याचं पाणी घेते." त्यानं काही बोलायचं नाही. द्यायचं नसेल तर वाटीवर हात ठेवायचा. वाटी रिकामी झाली की एकानं मागे राहायचं. कोणी, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

एवढंच. हा नियम कागदाच्या एका बाजूला मावेल एवढा होता. तो करायला तिला जवळजवळ वर्ष लागलं. आधी तिच्याकडे तहानेची वेगळी गणितं होती, उन्हाची होती, ओझ्याची होती. एकेक करून तिनं सगळी काढून टाकली. मला ती फोनवर सांगायची की आज ओझं काढलं, आणि तिच्या आवाजात दात काढून आल्यासारखी सुटका असायची.

एका रविवारी खेळताना आम्ही शेवटाकडे आलो होतो. मी विहिरी खणणारी बाई होते. आयुष नावाचा आमच्यातला एकजण, जो आयटीत आहे आणि एरवी दर दोन मिनिटांनी पाचकळ जोक करतो, तो म्हातारा हमाल होता. नदी जिथे अडली होती त्या धरणाची भिंत चढताना माझ्या कवड्या पालथ्या पडल्या. वाटीत एकच मणी उरला होता. मी आयुषकडे बघून म्हणाले, "तुझ्या वाट्याचं पाणी घेते." त्यानं वाटीवर हात ठेवला. बराच वेळ तसाच गेला, आणि मग त्यानं हात काढला. मी मणी घेतला, कवड्या टाकल्या, चढले. वाटी रिकामी झाली होती. कोण राहणार हे ठरवायची पाळी आली तेव्हा आयुषच म्हणाला की म्हाताऱ्याला बसू दे इथे सावलीला. आमच्यातल्या दोघांना रडू आलं. मला तर आवरेना.

या सगळ्या वेळात चेतन एक शब्द बोलला नव्हता. तो चहा पीत होता.

खेळ संपल्यावर आयुष उठला, टेबलाला वळसा घालून गेला आणि त्यानं चेतनला मिठी मारली. म्हणाला, "काय स्टोरी सांगतोस रे तू!" चेतन म्हणाला, "थँक्यू." बाकीच्यांनीही त्याची पाठ थोपटली. शर्मिला खुर्च्यांखाली गेलेल्या कवड्या गोळा करत होती.

खाली स्कूटरपाशी आल्यावर तिनं मला विचारलं, "तो काहीच बोलला नव्हता ना? की मला तसं वाटलं?"

मी म्हटलं, नव्हता बोलला.

"मग?" एवढं म्हणून तिनं हेल्मेट घातलं.

खरं सांगायचं तर हे दर वेळी व्हायचं. आमच्यात म्हणायची पद्धतच पडली होती, गोष्ट चेतनची, नियम शर्मिलाचे. दुसरा भाग लोक पटकन उरकायचे, पत्रिकेत खाली 'आपले नम्र' असतं तसा. चेतन मुद्दाम काही करत नव्हता. त्याचा आवाज होता, तो खोलीत शिरला की लोक त्याच्याकडे वळायचे, आणि पेठेतल्या त्या खोलीत लहानपणापासून त्याचं ऐकून घेतलं गेलं होतं. शर्मिला बोलायची ते कामाचं असायचं. लोक मान डोलवायचे आणि पुन्हा चेतनकडे बघायचे.

त्यानंतर इंद्रजीतचा व्हिडिओ आला. इंद्रजीत औंधला राहतो आणि अशा खेळांवर एक चॅनेल चालवतो. आमच्या छोट्या जगात त्याच्या शब्दाला वजन आहे. त्यानं मराठीत खेळ करणाऱ्यांची तुलना केली होती. पडद्यावर दोन रकाने, एक स्टोरीचा, एक मेकॅनिक्सचा, म्हणजे नियमांचा. कुणाचे फासे फार हुशार पण गोष्ट बँकेच्या माहितीपत्रकासारखी, कुणाचं जग सुंदर पण एक मारामारी मिटायला अख्खी दुपार जाते, असं तो एकेकाबद्दल सांगत गेला. बोलणं मुद्देसूद होतं, खेळ त्यानं नीट खेळून बघितले होते, म्हणून तर जास्त लागलं. चेतनबद्दल तो म्हणाला की स्टोरीत याला पुण्यात तोड नाही. उदाहरण म्हणून त्यानं काय द्यावं? वाटीवर ठेवलेला हात. तो क्षण ज्याला सुचतो तो खरा कथाकार, असं त्यानं सांगितलं. मेकॅनिक्सच्या रकान्यात 'कोरडवाट'समोर लिहिलं होतं, साधं, आड न येणारं.

तिचा नियम उचलून त्यानं चेतनच्या रकान्यात टाकला होता. आणि रिकाम्या झालेल्या तिच्या रकान्यात पास होण्यापुरते मार्क दिले होते.

शर्मिलानं व्हिडिओखाली शांतपणे लिहिलं की वाटीवर हात ठेवणं हा नियम आहे, तो गोष्टीत कुठेही लिहिलेला नाही. इंद्रजीतचं सभ्य उत्तर आलं. उत्तम नियम तेच जे दिसत नाहीत, हीच तुमची पावती समजा. तिनं ते मला वाचून दाखवलं. आमच्या हॉस्पिटलची मेट्रन पण हेच म्हणते, असं म्हणून तिनं फोन पालथा ठेवला.

यावर चेतन काय म्हणाला, असं मी तिला विचारलं. त्यानं व्हिडिओ सगळ्यांना पाठवला होता, खाली हात जोडल्याची खूण. बाकी काही नाही.

पुढे कसबा पेठेतल्या एका प्रकाशकानं 'कोरडवाट' पुस्तक म्हणून काढायचं ठरवलं. पुस्तकांच्या दुकानात कवड्या, मणी, वाटी असलेला डबा ठेवायला कुणी तयार नव्हतं. फक्त पुस्तक हवं होतं. चेतन बोलून आला, ठरवून आला, आणि मग त्यानं शर्मिलाला सांगितलं. वाटीच्या जागी साधे दोन फासे घातले होते. सहाच्या वर पडलं तर पाणी मिळतं, नाही तर नाही.

त्या दिवशी क्लासच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. शर्मिलानं पुस्तकाचे कागद वाचले आणि विचारलं, "लोकांच्या घरात वाटी नसते का?"

चेतन म्हणाला की तसं नाही, पण नवीन माणसाला ते किचकट वाटेल.

"चिंचोके घे म्हणावं. शेंगदाणे घे म्हणावं. एक ओळ लिहायची होती, चेतन."

तो समजावत राहिला. प्रकाशकाची अडचण, पानांची अडचण, वाचकाची सवय. ती ऐकत होती. मग तिचं बोट एका जागी थांबलं. तिचं नाव आतल्या पानावर होतं, 'नियमसाहाय्य' या शब्दापुढे.

"मग माझं नावच काढ," ती म्हणाली.

तो म्हणाला, "तुला तसं बरं वाटत असेल तर."

आणि त्यानं काढलं. हे तिला सगळ्यात जास्त लागलं. तिला वाटलं होतं तो नको म्हणेल, भांडेल, निदान दोन दिवस थांबेल. पुस्तक आलं तेव्हा त्यावर एकच नाव होतं.

पुस्तकाचं कौतुक झालं. लोकांनी ते एका बैठकीत वाचून काढलं, तसं लिहिलं, दुसरी आवृत्ती निघाली. आयुषनं त्याच्या ऑफिसातल्या मित्रांबरोबर ते खेळून बघितलं. तासाभरात सगळे फोन बघायला लागले, कारण फाशांनी पाणी मिळतच होतं, आणि कुणी कुणाकडे काही मागायचंच नव्हतं. आयुषनं ते शर्मिलाला आपणहून सांगितलं. एक दिवस ती खूश होती. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की यानं काहीच फरक पडत नाही. ज्यांनी पुस्तक घेतलं ते खेळण्यासाठी घेतच नव्हते. त्यांना ते वर आलेलं गाव वाचायचं होतं, आणि ते गाव खरोखरच झकास लिहिलं होतं.

तिनं सदाशिव पेठेत जाणं थांबवलं आणि स्वतःचा खेळ करायला घेतला. 'रात्रपाळी' नाव. एका गावाला पुरानं वेढलंय, हॉस्पिटलात माणसं कमी, पेशंट येतच राहतात. प्रत्येकाकडे थोडा दम असतो, मण्यांच्या रूपात. काम दुसऱ्यावर ढकलता येतं, पण ढकललेलं काम मोठं होऊन परत येतं. यंत्र म्हणून बघितलं तर हा खेळ 'कोरडवाट'पेक्षा सरस होता. मी तसं तिला सांगितलं आणि आजही सांगीन.

खेळायला ती, मी, आयुष आणि तिच्या हॉस्पिटलातली वैष्णवी नावाची स्टाफ नर्स असे जमलो. वैष्णवी लोहगावची, शेतकरी घरातली, आता त्यांच्या शेताच्या तिन्ही बाजूंना सोसायट्या आहेत. आम्ही बोपोडीच्या विहारातला हॉल रविवारी दुपारी मागून घेतला होता. शर्मिलानं सुरुवात केली. तुम्ही चौथ्या वॉर्डात आहात, पेशंट बावीस, सिलिंडर सहा, लिफ्ट बंद. नियम चोख चालले. कुठेही अडलं नाही. आम्ही कामं ढकलली, दम मोजला, सकाळ केली. संपल्यावर आयुषनं विचारलं, "म्हणजे जिंकलं कोण?"

वैष्णवी संकोचून म्हणाली, "मॅडम, छान आहे. पण हे मी रोजच करते. आणि तुम्ही सांगताना ना, ड्यूटी चार्ट वाचताय असं वाटतं."

शर्मिला हसली नाही. त्यानंतर काही आठवडे तिनं सुरुवात लिहायचा प्रयत्न केला. फोनवर ती मला वाचून दाखवायची. काळोखाचा पडदा, मृत्यूची चाहूल, पुराचा अजगर. मी नुसतं हं म्हटलं की ती म्हणायची, हो, माहितीये मला, भयंकर आहे. एकदा ती चिडून म्हणाली की त्या मूर्खाला हे जेवताना सुचतं. तो मूर्ख म्हणजे चेतन. तिला सगळ्यात जास्त संताप याचा यायचा, की इंद्रजीतच्या त्या दोन रकान्यांत काहीतरी खरं होतं. तिला गोष्ट सांगता येत नव्हती. कुणी तुलना केली असती आणि नीट केली असती, तरी एका रकान्यात ती खालीच राहिली असती.

मग चेतनचा फोन आला. खडकी स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर ते भेटले. हे मला तिनंच नंतर सांगितलं. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं सांगितलं की प्रकाशकानं वाटी काढायला सांगितलंच नव्हतं. डबा नको एवढंच म्हटलं होतं. घरची वाटी घ्या असं लिहिलं असतं तर त्याला चाललं असतं.

तिनं विचारलं, मग का काढलीस?

"त्या दिवशी आयुष मागे राहिला ना," चेतन म्हणाला, "तेव्हा मी नुसता बसून होतो. तुमच्यातल्या कुणाला माझी आठवणसुद्धा नव्हती. तुझा नियम असला की तिथे माझी गरज उरत नाही. मला ते सहन झालं नाही."

इतकी वर्षं तिला हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी तिला विचारलं, बरं वाटलं का? ती म्हणाली, अजिबात नाही. कारण तिनं लगेच त्याला विचारलं होतं, "म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं. आणि आयुषनं मिठी मारली तेव्हा तू थँक्यू म्हणालास."

तो हो म्हणाला. तिनं चहा तसाच ठेवला आणि निघाली. लोकांना दिसलं नाही इथपर्यंत तिनं कसंबसं समजून घेतलं होतं. ज्याला दिसलं त्यानं ते खोडून टाकलं, हे तिच्या पचनी पडेना. तिनं त्याचे फोन घेणं बंद केलं.

काही महिन्यांनी इंद्रजीतनं पुस्तकाच्या निमित्तानं चेतनची लांबलचक मुलाखत घेतली. दोघांनाही बोलावलं होतं, शर्मिला गेली नाही. व्हिडिओ आला. चेतन नदीबद्दल बोलला, आजोळाबद्दल बोलला, आवाजाबद्दल बोलला. शर्मिलाचं नाव कुठे नव्हतं. त्याच संध्याकाळी चेतनचा तिला मेसेज आला की मी सांगितलं होतं, वाटी तुझी होती आणि ती मी का काढली, सगळं. त्यांनी कापलं.

तिला खरं वाटेना. तिनं सरळ इंद्रजीतला फोन लावला. तो प्रामाणिक माणूस आहे, त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाला, "हो, बोलले ते. बरंच बोलले. पण व्हिडिओ फार लांबला होता, आणि तो भाग जरा टेक्निकल होता. लोक तिथे सोडून जातात."

हे सांगताना शर्मिला हसत होती, पण मला ते हसू ऐकवत नव्हतं. मी म्हटलं, त्याला तेवढाच तुकडा वेगळा टाकायला सांग. ती म्हणाली, "मी आता कुणाला काही सांगणार नाही, पूर्वा. मला कंटाळा आलाय सांगायचा."

पण 'रात्रपाळी' तिनं सोडली नाही. उन्हाळ्यात एका रविवारी तिनं आम्हाला पुन्हा विहारात बोलावलं. नियम बदलला होता. आता दमाचा मणी खर्च करायचा तर खेळातला आपला माणूस घरी काय ठेवून आला ते सांगायचं. एकच गोष्ट, आणि ती आधी सांगितलेली नसावी. सुरुवात कुणी करायचीच नव्हती. पहिलं काम अंगावर आलं की ज्याला ते करायचं त्यानं बोलायचं. स्वतःला जमत नाही म्हणून तिनं सांगायचं कामच टेबलावर वाटून टाकलं होतं.

वैष्णवी त्या खेळात लिफ्टवाली बाई होती. पहिला मणी सोडताना ती अडखळली. म्हणाली, घरी भाकरी झाकून ठेवली आहे. दुसऱ्या वेळी म्हणाली, सासऱ्यांशी भांडण अर्धं ठेवून आले. तिसऱ्या वेळी तिचा बोलायचा सूर बदलला, शहरातला गेला आणि घरचा आला. ती म्हणाली, "आमची विहीर हाय. तिच्यावर उद्या स्लॅब पडनार हाय. आज शेवटचं बघून यायचं व्हतं, तर ड्यूटी लागली." मग ती त्या विहिरीबद्दल सांगत राहिली. तिच्या खेळातल्या बाईची विहीर की तिची स्वतःची, ते आम्ही विचारलं नाही. आयुषनं आपल्या पुढचे मणी उचलून तिच्यासमोर ठेवले. तसं करायला नियमात परवानगी होती. शर्मिलानं ती घालून ठेवली होती, आम्ही कधी वापरली नव्हती.

मी शर्मिलाकडे बघितलं. ती वैष्णवीचं ऐकत नव्हती, मण्यांकडे बघत होती. नंतर म्हणाली की आयुषनं चार दिले, तीनच द्यायला हवे होते, चारात खेळ सैल होतो. मी म्हटलं, अगं, जाऊ दे ना आज. ती म्हणाली, "आज सोडलं तर पुढच्या टेबलावर कोसळेल."

आता दर रविवारी हॉलमध्ये माणसं वाढतायत. हॉस्पिटलच्या नर्सेस येतात, वैष्णवीची चुलत बहीण येते, एकदा दशरथकाका मागच्या खुर्चीवर बसून गेले आणि घरी जाऊन म्हणाले की बायका भारी बोलतात. ते तिला विचारतात, तू कधी बोलत नाहीस का? ती सांगते की माझं काम वेगळं आहे. कुठलं, असं त्यांनी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.

चेतनचं दुसरं पुस्तक आलंय. शर्मिलानं ते विकत घेतलं, वाचलं आणि मला दिलं. पहिलं पान अप्रतिम आहे म्हणाली, तसं दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. फक्त खेळायला घेतलं तर दुसऱ्या प्रसंगातच अडकतं, आणि का अडकतं ते तिला दिसतंय. तिनं त्याला कळवावं असं मला वाटतं. ती म्हणते, त्यानं विचारलं तर सांगीन.

त्यानं अजून विचारलेलं नाही. 'रात्रपाळी' अजून पुरी झालेली नाही, आणि मणी तीन की चार यावरून गेल्या रविवारी तिचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं.